गर्भाशयातले जंतू, आयव्हीएफचं अपयश आणि १४ टक्क्यांचा तो रिपोर्ट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४. २०२१ मध्ये आपोआप दिवस राहिले होते, नवव्या आठवड्यात गर्भपात झाला आणि क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणं) करावं लागलं. त्यानंतर दिवस राहिलेच नाहीत, म्हणून आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार. पाचव्या दिवसाचे, चांगल्या प्रतीचे गर्भ दोनदा ट्रान्सफर केले, दोन्ही वेळा बीटा-एचसीजी, म्हणजे दिवस राहिल्याची रक्ततपासणी, निगेटिव्ह. अजून दोन गर्भ गोठवून ठेवलेले आहेत. तिसऱ्या ट्रान्सफरआधी गर्भाशयातल्या सूक्ष्मजीवांची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट आला : 'लॅक्टोबॅसिलस १४ टक्के, गार्डनेरेला व स्ट्रेप्टोकॉकस आढळले, डिसबायोसिस.' म्हणजे चांगले मानले जाणारे लॅक्टोबॅसिलस कमी, जंतूंचा समतोल बिघडलेला. आता तीन अँटिबायोटिक्स, महिनाभर योनीत ठेवायच्या प्रोबायोटिक कॅप्सूल आणि मग पुन्हा तीच तपासणी, असा सल्ला आहे. घरात 'पिशवीत जंतू झालेत' एवढाच अर्थ पोचलाय आणि सासूबाई ऑफिसच्या टॉयलेटला दोष देतायत. तुम्ही विचारताय की या जंतूंमुळेच राहत नाही का, औषधं घ्यायची का, आणि नवऱ्यालाही घ्यावी लागतील का.

शेवटी जाता जाता तुम्ही आणखी एक ओळ लिहिलीय : पाळीच्या आधी तीन-चार दिवस तपकिरी डाग पडतात, 'पण ते क्युरेटिंगनंतर सुरू झालंय, आता सवयीचं आहे.' ती ओळ मी तीनदा वाचली. तिच्याकडे परत येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे जंतू तुमच्या अस्वच्छतेमुळे आलेले नाहीत. ऑफिसच्या टॉयलेटमधून गर्भाशयात जंतू चढत नाहीत. गार्डनेरेला, स्ट्रेप्टोकॉकस ही नावं अगदी निरोगी, दोन-तीन मुलं झालेल्या बायकांच्या नमुन्यांतही सापडतात. घरी हा रिपोर्ट समजावताना 'जंतू झाले' हा शब्दच वापरू नका. आपल्याकडे या शब्दाचा सगळा भार बाईच्या अंगावर पडतो.

गर्भाशयाच्या आत एकही जंतू नसतो, हे आम्ही कॉलेजात शिकलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या आंरी तिसिए यांनी ही कल्पना मांडली आणि ती जवळजवळ शंभर वर्षं टिकली. योनीत लॅक्टोबॅसिलस असतात हे त्याही आधी, १८९२ मध्ये, आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी दाखवलं होतं. हे आपल्या विरजणातल्या जंतूंचे चुलतभाऊ. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात साठणाऱ्या ग्लायकोजेनवर ते जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात इतर जंतूंना पाय रोवू देत नाहीत. समजूत अशी होती की हा पहारा गर्भाशयाच्या तोंडापर्यंत, आत सगळं निर्जंतुक. पुढे जंतू वाढवून बघण्याऐवजी त्यांचा जनुकीय ठसा वाचण्याचं तंत्र आलं आणि गर्भाशयाच्या आतल्या नमुन्यांतही ते ठसे मिळायला लागले.

तुमच्या रिपोर्टचं मूळ ज्या अभ्यासात आहे तो २०१६ चा, स्पेनमधला. आयव्हीएफ करणाऱ्या ३५ वंध्यत्वाच्या रुग्णांच्या गर्भाशयातला द्रव तपासला. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस ९० टक्क्यांहून जास्त होते त्यांच्यात मूल जन्माला येण्याचं प्रमाण ५८.८ टक्के, आणि ज्यांच्यात कमी होते त्यांच्यात ६.७ टक्के. हे आकडे बघून कोणीही हादरेल, मीही हादरले होते. पण टक्के बाजूला ठेवून माणसं मोजा. ५८.८ टक्के म्हणजे १७ पैकी १० जणी आणि ६.७ टक्के म्हणजे १५ पैकी १. एवढ्या लहान गटात दोन-तीन जणींचं इकडचं तिकडे झालं तरी चित्र बदलतं. त्याच गटाने २०२२ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांतल्या ३४२ स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्यातही कल तोच दिसला : लॅक्टोबॅसिलस जास्त असलेल्यांत निकाल बरे, गार्डनेरेला, स्ट्रेप्टोकॉकस, क्लेब्सिएला यांसारखे जंतू असलेल्यांत वाईट. म्हणजे संबंध आहे, हे मी नाकारत नाही. पण सोबत आढळणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. शिवाय कारण असलं, तरी ते दूर केल्यावर फायदा होतो की नाही हे निराळं सिद्ध करावं लागतं.

तसं करून बघितलं का? योनीच्या बाबतीत बघितलंय. डेन्मार्कमध्ये आयव्हीएफआधी योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलेल्या ३३८ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला क्लिंडामायसिन आणि त्यानंतर जिवंत लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस, दुसऱ्याला नुसतं क्लिंडामायसिन, तिसऱ्याला औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. गर्भ राहण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत अर्थपूर्ण फरक पडला नाही. तुम्हाला सुचवलेला उपचार जवळपास याच धाटणीचा आहे, म्हणून ही चाचणी माझ्या डोक्यात पक्की बसलीय.

आता तुमच्या १४ टक्क्यांकडे येते. योनीच्या तुलनेत गर्भाशयात जंतू किती असतात? चीनमध्ये ११० स्त्रियांचे योनीपासून थेट वरपर्यंतचे नमुने तपासले, २०१७ मध्ये तो अभ्यास आला. गर्भाशयातली संख्या योनीतल्या संख्येच्या साधारण दहा हजारांश भरली. असं समजा, भरदुपारी एसटी स्टँडवर उभं राहून तुम्ही म्हणालात, 'इथले १४ टक्के लोक मिरजेचे आहेत', तर त्या वाक्यातून काहीतरी कळतं. रात्री अडीचला बाकड्यांवर सात जण बसलेत, त्यातला एक मिरजेचा. तेही १४ टक्केच. त्यात कोणी चुकून आत आला असेल तर सगळा हिशेब फिरतो. तुमच्या रिपोर्टमध्ये टक्का आहे, एकूण संख्या नाही.

आणि चुकून आत येणारे इथे भरपूर असतात. नमुना घ्यायची नळी योनीतून, गर्भाशयाच्या तोंडातल्या चिकट स्रावातून वर जाते. कितीही काळजी घेतली तरी टोकाला खालचं थोडं लागतंच, मी हे रोज करते म्हणून सांगते. शिवाय प्रयोगशाळेच्या रसायनांतही जंतूंच्या डीएनएचे अंश असतात. जिथे मूळ जंतू भरपूर, तिथे ते झाकले जातात. जिथे मूळ जंतू मूठभर, तिथे रसायनातलेच पुढे दिसतात. गर्भवेष्टनात, म्हणजे वारेत, स्वतःचे जंतू असतात असं २०१४ मध्ये गाजलं होतं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५३७ बाळंतपणांतल्या वारा तपासल्या. त्यात जे सापडलं ती बहुतांशी नमुना घेतानाची आणि रसायनांमधली भेसळ होती. गर्भाशयाबाबत, शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयांच्या आतून, योनीला वळसा घालून नमुने घेतले (२०१९ चा २५ स्त्रियांचा अभ्यास), तेव्हा जंतूंचे ठसे निम्म्याहून अधिक जणींत मिळाले, पण लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व काही दिसलं नाही. म्हणजे गर्भाशयात ९० टक्के लॅक्टोबॅसिलस हवेत हा आदर्श मुळात योनीतून वर नेलेल्या नमुन्यांचा असू शकतो. ज्या मोजपट्टीवर तुम्हाला १४ गुण मिळालेत, तिच्यावरच अजून वाद चालू आहे.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितेय, कारण असंच काही मी आधी एकदा जवळून पाहिलंय. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी हे वंध्यत्वाचं खरं, मोठं कारण आहे. तो बहुतेक वेळा आधी नळ्या (गर्भनलिका) धरतो, नंतर अस्तर. काही वर्षांपूर्वी अस्तराच्या नमुन्याची टीबी-पीसीआर तपासणी सर्रास सुरू झाली. तीही अशीच, अत्यल्प डीएनए शोधणारी. पॉझिटिव्ह रिपोर्ट यायला लागले. ताप नाही, वजन घटलेलं नाही, नळ्या उघड्या, दुर्बिणीत काही नाही, अस्तरात टीबीच्या गाठी नाहीत, कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) निगेटिव्ह, पण एका कागदावर 'डिटेक्टेड' एवढा शब्द. आणि त्या शब्दावर बायकांना सहा-सहा महिन्यांचे टीबीचे कोर्स दिले गेले. मीही दिले आहेत. २९ वर्षांच्या एका शिक्षिकेला दिलेला कोर्स मला आजही टोचतो. दुसऱ्या महिन्यात तिला कावीळ झाली, सगळी औषधं बंद करावी लागली, प्रकृती सावरण्यात वर्ष गेलं. नंतर जुने कागद काढून बसले तेव्हा टीबीचा आधार म्हणून एका पीसीआरपलीकडे हातात काही नव्हतं. तेव्हापासून नुसत्या ठशावर मी उपचार करत नाही. ठसा आणि आजार यांच्यामधला पुरावा हातात लागतो.

तो पुरावा सूक्ष्मजीवांच्या बाबतीत मिळू शकतो का? मिळतो. इथेच तुमची ती डागांची ओळ महत्त्वाची.

गर्भपातानंतर, विशेषतः क्युरेटिंगनंतर, गर्भाशयाच्या अस्तरात मंद सूज वर्षानुवर्षं राहू शकते. आम्ही तिला क्रॉनिक एंडोमेट्रायटिस म्हणतो. ताप येत नाही, पोट फारसं दुखत नाही, सोनोग्राफी बहुधा ठीक येते. पुष्कळ जणींना काहीच लक्षण नसतं आणि काहींना पाळीआधी नुसते डाग पडतात. गर्भ रुजण्याच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉनखाली अस्तर मऊ, ग्रहणशील व्हायचं असतं. सूज असलेलं अस्तर नीट तयार होत नाही. जंतू कोणता आहे यापेक्षा अस्तराने त्याची दखल घेतलीय का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर काचपट्टीवर दिसतं. प्लाझ्मा पेशी नावाच्या, दीर्घ संसर्गात जमणाऱ्या पेशी अस्तरात आल्या असतील तर सीडी-१३८ नावाच्या रंगाने त्यांच्या कडा तपकिरी उठून दिसतात. साध्या रंगात त्या बाकीच्या पेशींत हरवतात, म्हणून पॅथॉलॉजिस्टला हे नाव लिहूनच द्यावं लागतं. किती पेशी दिसल्या म्हणजे आजार म्हणायचं, यावर एकमत नाही. त्यामुळेच वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांत याचं प्रमाण कुठे काही टक्के, कुठे निम्म्याहून अधिक असं छापून येतं. म्हणून मी एकट्या काचपट्टीवर थांबत नाही, दुर्बिणीने आतून बघते. सुजलेलं अस्तर लालबुंद, त्यावर पांढरे ठिपके, पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखं, आणि पाण्याच्या प्रवाहात हलणारे मोहरीहून बारीक फुगवटे.

तुमच्या बाबतीत दुर्बीण आणखी एका कारणासाठी हवी. क्युरेटिंगनंतर भिंती एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात किंवा गर्भाचा जुना तुकडा राहून गेलेला असू शकतो. डागांचं कारण तेही असेल. हे सगळं एकाच बैठकीत बघता येतं, आणि चिकटलेलं तेव्हाच सोडवताही येतं.

त्याच वेळी अस्तराचा तुकडा घ्यायला सांगा, आणि दोन डब्यांत. एक फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला आणि सीडी-१३८ साठी. दुसरा नुसत्या सलाइनमध्ये, टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीचा डीएनए शोधणारी तपासणी). हे मुद्दाम लिहितेय कारण सगळा तुकडा सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत पडला की कल्चर होऊच शकत नाही. फॉर्मेलिन जंतू मारतं. मग महिन्याभराने पुन्हा तीच वेदना, पुन्हा तोच खर्च. ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी सिस्टरला विचारा, 'दोन डबे ठेवलेत ना?' त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

सूज निघाली तर उपचार साधा आहे : बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस, तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. भरपूर पाण्यासोबत, आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका भाजते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नका, औषध शरीरात शोषलं जात नाही. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या महिन्यात ही गोळी नको. कोर्सनंतर पुन्हा तुकडा तपासून सूज गेल्याची खात्री करते आणि मगच ट्रान्सफर. सूज गेलेल्यांचे निकाल सूज टिकून राहिलेल्यांपेक्षा बरे दिसतात. पण मोठ्या, काटेकोर चाचण्या याही उपचाराच्या पाठीशी पुरेशा नाहीत, हेही तुम्हाला माहीत असावं. तरी इथे किमान आजार डोळ्यांनी दिसतो, एक औषध ठरावीक दिवस दिलं जातं आणि ते लागू पडलं की नाही हे तपासता येतं. नुसत्या टक्क्यावर दिलेल्या तीन अँटिबायोटिक्सबद्दल मला तसं म्हणता येत नाही. उलट ती तीन औषधं योनीतले चांगले लॅक्टोबॅसिलसही मारतील आणि पुढच्या महिन्यात तुम्ही खाजेने हैराण होऊन बुरशीचं औषध शोधत असाल.

रिपोर्टमधल्या गार्डनेरेलाकडे मात्र मी पूर्ण दुर्लक्ष करणार नाही. त्यासाठी योनी तपासायची, तेही महागड्या यंत्राविना. अंगावरून पांढरं जातं का, त्याला माशासारखा वास येतो का, आंबटपणाच्या कागदावर पीएच ४.५ च्या वर जातो का, थेंबभर स्राव काचेवर घेऊन पेशींच्या कडांना जंतू चिकटलेले दिसतात का. पाच मिनिटांचं काम. तुम्ही पांढरं जाण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीय. 'ते तर सगळ्यांनाच असतं' म्हणून बायका सांगत नाहीत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं, की ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. शहरातल्या, शिकलेल्या, आयव्हीएफपर्यंत पोचलेल्या बायकांची फाइल जाड असते. पण स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) लावून नीट बघितल्याची नोंद त्या फाइलीत कधी कधी मला शोधूनही सापडत नाही.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडल्याचा त्रास, निघालं तर त्याचा उपचार करा, ते करण्यासारखंच आहे. नवऱ्याबद्दल विचारलंत, तर इथे खरंच नवी माहिती आलीय. आजवर आम्ही नवऱ्यांना औषध देत नव्हतो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीने दाखवलं, की जोडीदारालाही आठवडाभर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि क्लिंडामायसिनचं मलम दिलं तर बाईला तो त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. पण हे व्हजायनोसिस सिद्ध झालं तरच. नुसत्या तुमच्या रिपोर्टवरून त्यांना काही देऊ नका.

प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल : दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कॅप्सूलमधली जात आणि योनीत टिकणारी क्रिस्पॅटस जात एकच असेल असं नाही. दही खाल्ल्याने ती तिथे पोचत नाही, आणि कृपा करून दही आत लावू नका. काही जणी लावतात. आतून धुणं, सुगंधी वॉश, हेही बंद. साधं पाणी, तेही बाहेरून.

आणि गर्भाचं काय? वयाच्या तिशीच्या पहिल्या अर्ध्यात, दिसायला उत्तम असलेल्या पाचव्या दिवसाच्या गर्भांपैकीही जवळपास तिसरा हिस्सा गुणसूत्रांत बिघडलेला असतो. तो कितीही चांगल्या अस्तरावर ठेवला तरी रुजत नाही किंवा टिकत नाही. दोन ट्रान्सफर वाया जाण्याला गर्भाशयाचा काडीचाही दोष नसू शकतो. तुमच्या वयाला दोन अपयशांना आम्ही अजून 'वारंवार अपयश' म्हणतही नाही. सोनोग्राफीत नळ्यांत पाणी साठलेलं दिसलं होतं का, तेही बघा. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफचं यश निम्म्यावर आणतं. ट्रान्सफरआधी त्या नळीचा बंदोबस्त करावा लागतो. 'माइल्ड हायड्रोसाल्पिंक्स' असे दोन शब्द कुठल्यातरी जुन्या रिपोर्टच्या तळाशी असतात आणि नंतर कोणी ते वाचत नाही.

तर तुमच्या जागी माझी रुग्ण असती तर मी तीन अँटिबायोटिक्स सुरू केली नसती आणि ती तपासणीही पुन्हा केली नसती. येत्या पाळीनंतर दुर्बीण, दोन डब्यांत तुकडा, योनीची साधी तपासणी. सूज, टीबी, चिकटलेल्या भिंती, व्हजायनोसिस यांपैकी काही निघालं तर त्याचा उपचार आणि मग ट्रान्सफर. काहीच निघालं नाही, तर १४ टक्क्यांचा कागद बाजूला ठेवून पुढच्या चक्रात एक गर्भ ट्रान्सफर. गोठवलेले गर्भ थांबू शकतात, महिना-दोन महिन्यांनी त्यांचं काही बिघडत नाही, त्यामुळे घाईने औषधं गिळायचं कारण नाही.

तुमच्या डॉक्टरांशी भांडू नका. २०२१ च्या क्युरेटिंगचा डिस्चार्ज कागद शोधून सोबत न्या. त्या वेळी काढलेला तुकडा तपासणीला गेला असेल तर तो रिपोर्टही. आणि जाण्याआधीच्या पाळीत डाग कोणत्या तारखेला सुरू झाले, किती दिवस टिकले, रंग कसा होता, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.